हॅमार्शिया, रामकुंड आणि माझी दोनशेपानी वही

मी एम.ए. इंग्लिश करतेय, बाहेरून, वयाच्या ३८व्या वर्षी. मूळ शिक्षण बी.कॉम., नोकरी सातपूरला एका कंपनीत अकाउंट्समध्ये, मुलगा आठवीत. साहित्याची आवड कॉलेजपासून होती पण तेव्हा घरच्यांनी कॉमर्सला घातलं आणि मग ते राहूनच गेलं. म्हणून फॉर्म भरला तेव्हा फार आनंद झाला होता मला, आणि म्हणूनच पहिल्या वर्षी नाटकाच्या पेपरात ३४ मार्क पडले तेव्हा तेवढंच वाईटही वाटलं. पासिंगला ४० लागतात. बाकीचे पेपर निघाले, नेमका हाच राहिला, ज्याचा मी सगळ्यात जास्त अभ्यास केला होता.

अभ्यास म्हणजे काय तर एक दोनशेपानी वही केलेली, मध्ये उभी रेघ मारून डावीकडे शब्द आणि उजवीकडे व्याख्या. ट्रॅजेडी, हॅमार्शिया, ह्युब्रिस, पेरिपेटिया, अ‍ॅनाग्नॉरिसिस, कॅथार्सिस, कोरस, सॉलिलॉकी, ड्रॅमॅटिक आयरनी, मग कवितेचे वेगळे, आयॅम्ब, ट्रोकी, मेटॉनिमी, सिनेक्डकी, असे समीक्षेतले ११८ शब्द. सकाळी डबे भरताना पाठ, रात्री भांडी झाल्यावर पाठ. झोपेतून उठवलं असतं तरी पेरिपेटियाची व्याख्या सांगितली असती मी.

पेपरात प्रश्न आला, सोफोक्लीस या ग्रीक नाटककाराच्या ईडिपस राजावरच्या नाटकात रिव्हर्सल (म्हणजे पेरिपेटिया, परिस्थिती उलटणं) आणि रेकग्निशन (म्हणजे अ‍ॅनाग्नॉरिसिस, खरी ओळख पटणं) कसे येतात ते दाखवा. मी दोन्हीच्या व्याख्या लिहिल्या, सुंदर अक्षरात, आणि मग पाच पानं नाटकाची गोष्ट लिहिली. आता कळतं की त्या दोन्हीमध्ये पूलच नव्हता. तपासणाऱ्याला "दाखवा" हवं होतं आणि मी "सांगितलं".

त्यात माझ्याकडे जे गाईड होतं (नाव नको लिहायला) त्यात हॅमार्शियापुढे एकच ओळ, नायकाच्या स्वभावातला दुर्गुण. उदाहरणं पण तयार, मॅकबेथची महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा संशय, हॅम्लेटची चालढकल, ईडिपसचा राग. पाठ करायला सोपं पडतं म्हणून मी ते तसंच घेतलं. पण मनात कुठेतरी खटकत होतं की राग काय आपल्या सगळ्यांनाच येतो, मग एवढी मोठी शिक्षा कशाबद्दल.

रिझल्टनंतर महिनाभर वहीला हातच लावला नाही. मग एका शनिवारी सार्वजनिक वाचनालयात गेले. नाशिकला आम्ही सगळे सावाना म्हणतो, १८४० सालची संस्था आहे ती, वर्गणी भरली होती पण जाणंच होत नव्हतं. तिथे अ‍ॅरिस्टॉटलच्या पोएटिक्स या ट्रॅजेडीवरच्या ग्रंथाचं इंग्लिश भाषांतर मिळालं, आणि मला धक्काच बसला कारण ते इतकंसं पुस्तक आहे! ज्याच्यावर लोकांनी कपाटंच्या कपाटं भरून लिहिलंय ते मूळ पुस्तक मी दोन शनिवारांत वाचून काढलं. गाईडवर वर्ष घालवलं त्याचं फार वाटलं तेव्हा.

तिथे एक निवृत्त प्राध्यापक रोज पेपर वाचायला येतात. त्यांनी माझ्यासमोरचं पुस्तक बघून चौकशी केली, मी वही दाखवली. त्यांनी शांतपणे चार पानं उलटली आणि म्हणाले, "ताई, व्याख्या झाली हो. पण ही कुठल्या वाक्याची?" मला कळेना. म्हणाले, "पेरिपेटिया म्हणजे परिस्थिती उलटणे, बरोबर. पण कुठल्या पात्राच्या कुठल्या वाक्यावर उलटली? तिथे बोट ठेवता आलं तर तो शब्द तुमचा, नाहीतर तो अ‍ॅरिस्टॉटलचाच राहिला." आणि अजून एक सांगितलं ते मी कधीच विसरणार नाही, की ईडिपसचं नाटक आधी झालं आणि अ‍ॅरिस्टॉटलने हे जवळपास शंभर वर्षांनी लिहिलं, म्हणजे सोफोक्लीसने काही हे शब्द वापरून नाटक रचलेलं नाही, नाटकांत काय काय घडतं ते बघून नंतर त्याला नावं दिली गेली. तुम्ही पण त्याच क्रमाने जा, आधी नाटक, मग नाव.

मग मी नाटक परत वाचलं, पण यावेळी सिटीलिंकच्या बसमध्ये, सातपूर ते सीबीएस, रोज एक तुकडा. आणि तो कॉरिंथहून आलेला निरोप्या आला ना, त्या पानावर मी अक्षरशः थांबले. तो बिचारा चांगली बातमी घेऊन आलेला असतो. सांगतो की तुमचे वडील, कॉरिंथचा राजा, वारले, म्हातारपणाने वारले. ईडिपस सुटकेचा श्वास सोडतो कारण भविष्यवाणी होती की तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, आणि बाप तर आपोआप गेला. पण आईची भीती अजून आहेच, आणि ती भीती घालवायची म्हणून, केवळ त्याला बरं वाटावं म्हणून, हा निरोप्या म्हणतो की अहो घाबरता कशाला, ती तुमची खरी आई नाहीच, मीच तुम्हाला लहानपणी तिथे नेऊन दिलं होतं. बस्स. ते वाक्य. धीर द्यायला बोललेलं वाक्य आणि तिथेच सगळं उलटं फिरलं. अ‍ॅरिस्टॉटलने पेरिपेटियाला हाच प्रसंग उदाहरण म्हणून दिलाय, मी तो गाईडमध्ये वाचलाही होता, पण "मेसेंजर सीन" एवढे दोनच शब्द होते तिथे.

आणि त्याहून मोठं म्हणजे ईडिपसला कळायच्या आधी योकास्टाला, म्हणजे त्याच्या बायकोला, जी खरं तर त्याची आईच आहे, तिला कळतं. ती तिथेच उभी आहे, ऐकतेय, तिच्या डोक्यात सगळं जुळतं, आणि ती त्याला विनवते की पुढे विचारू नकोस, सोड हा विषय. त्याला वाटतं हिला माझं कुळ हलकं निघण्याची लाज वाटतेय. म्हणजे एकाच स्टेजवर एकीची ओळख पटून झालीये, दुसऱ्याची व्हायचीये, आणि आपण प्रेक्षक तर पहिल्यापासून सगळं जाणून बसलोय. रिव्हर्सल, रेकग्निशन, ड्रॅमॅटिक आयरनी, माझ्या वहीतली तीन वेगवेगळी पानं या एका पानात एकमेकांत गुंतलेली होती. माझा स्टॉप कधी गेला कळलं नाही, शालिमारपर्यंत जाऊन परत चालत आले.

अ‍ॅनाग्नॉरिसिसला मराठीत काय म्हणायचं हा प्रश्न पडला आणि उत्तर समोरच होतं, अभिज्ञान. शाकुंतलाच्या नावातच आहे की! आमच्याकडे महाकवी कालिदास कलामंदिर आहे, शंभर वेळा त्याच्यावरून गेलेय, पण हे कधी सुचलं नव्हतं. दुर्वासांचा शाप, हरवलेली अंगठी, ती कोळ्याला माशाच्या पोटात सापडते, राजाला आठवतं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की खुणेवरून, म्हणजे व्रण किंवा दागिना बघून पटणारी ओळख ही सगळ्यात कमी दर्जाची कारागिरी, कारण ती घटनांमधून उगवत नाही. त्या हिशोबाने अंगठी पण खूणच झाली. पण मला नाही पटत हे कालिदासाच्या बाबतीत, कारण तिथे अंगठी सापडल्याने राजाला शकुंतला मिळत नाही, आपण काय करून बसलो हे कळतं फक्त, आणि मग अख्खा अंक तो तळमळतो. ओळख पटते पण माणूस समोर नाही. हे मी सरांना बोलले तर ते म्हणाले, "हेच पेपरात लिहा, घाबरू नका."

आता हॅमार्शिया. हा शब्द मला वाचनालयात नाही, रामकुंडावर कळला.

गेल्या वर्षी माझे मामा गेले. दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर, सकाळची वेळ, गर्दी नेहमीचीच. पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट बघत बसलो. कावळा येईना. मामी माझ्या शेजारी पायरीवर बसली होती, पदर डोक्यावरून घेतलेला, आणि कुणाशी नाही अशी हळूच म्हणाली, "रामाने पण दशरथाचं इथंच केलं म्हणतात. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष होता गं. हत्ती पाणी पितोय समजून बाण मारला, आणि निघालं कुणाचं तरी लेकरू. मुद्दाम थोडीच मारला. नेम चुकला."

मी तेव्हा काहीच बोलले नाही. पण घरी आल्यावर, सगळं आवरून झाल्यावर, रात्री ते डोक्यात असं काही फिरायला लागलं की उठून वही काढली. कारण पोएटिक्सच्या टीपांमध्ये वाचलं होतं की हॅमार्शिया ज्या ग्रीक क्रियापदावरून आलाय त्याचा मूळ अर्थ भाला किंवा बाण लक्ष्यावर न लागणे असा आहे. नेम चुकणे! मामीने ग्रीक शब्दाचा मराठी अर्थ रामकुंडाच्या पायरीवर बसून सांगितला होता.

मग मी वाल्मीकि रामायणाच्या भाषांतरात अयोध्याकांड काढून वाचलं. दशरथ तेव्हा तरुण आहे, पावसाळ्यातली रात्र, शरयूचा काठ, आवाजावरून नेम धरण्याची विद्या त्याला येते आणि त्याचा त्याला अभिमान आहे. घडा भरल्याचा बुडबुड आवाज येतो, तो बाण सोडतो. बाण बरोब्बर आवाजावर लागतो, म्हणजे हाताचा नेम चुकलेला नाहीच, समजुतीचा चुकलाय. त्या मुलाला आपण श्रावणबाळ म्हणतो. आईवडील दोघेही आंधळे, त्यातले वडील शाप देतात की तूही पुत्रशोकाने मरशील. आणि हे सगळं वाल्मीकि कधी सांगतात तर कांडाच्या सुरुवातीला नाही, राम वनात निघून गेल्यावर, दशरथ अंथरुणाला खिळलाय तेव्हा, एका रात्री त्याला स्वतःलाच ते आठवतं आणि तो कौसल्येला सांगतो, आणि त्याच रात्री जातो. आदल्या दिवसापर्यंत राज्याभिषेकाची तयारी आणि दुसऱ्या दिवशी वनवास हे झालं रिव्हर्सल, आणि हे आठवणं म्हणजे अभिज्ञान. वाचताना अंगावर काटा आला माझ्या.

अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं असं आहे की ट्रॅजेडीचा नायक फार पुण्यवान नको आणि दुष्टही नको, मधला हवा, आणि तो पडतो तो दुष्टपणामुळे नाही तर कुठल्यातरी हॅमार्शियामुळे. म्हणजे गाईडमधला "दुर्गुण" हा तर त्याने स्वतःच बाजूला काढलेला होता. मराठी समीक्षेत यासाठी प्रमाद असा शब्द वापरतात, तो पण चांगला आहे, पण मला मामीचं नेम चुकणंच जवळचं वाटतं कारण त्यात माणूस नेम धरतोय हे पण येतं. ईडिपस काय, शहर वाचवायला निघालाय, नेम चांगलाच धरलाय त्याने. आपल्या कुसुमाग्रजांच्या नटसम्राटमधले आप्पासाहेब बेलवलकर सगळं मुलांना वाटून मोकळे होतात, शेक्सपिअरचा लिअर राजा मुलींना राज्य वाटतो तसंच, त्यातही वाईट हेतू कुठे आहे. प्रेमानेच केलं ना ते.

सरांना दशरथाचं सांगितलं तेव्हा त्यांनी एक गोष्ट मात्र दुरुस्त केली, म्हणाले दशरथाची गोष्ट ट्रॅजेडीच्या साच्यात बसते पण म्हणून रामायण ट्रॅजेडी ठरत नाही, तसं एका दमात लिहू नका. आणि शोकांतिकेपेक्षा शोकात्मिका हा शब्द वापरून बघा, कारण शेवट दुःखाचा एवढंच त्यात नसतं, आतला सगळा पीळच शोकाचा असतो. पटलं मला.

त्यानंतर वही नवीन केली. उभी रेघ बंद. आता एका शब्दाला एक पान, वर शब्द, खाली कुठल्या नाटकातलं कुठलं वाक्य, त्या क्षणी कोणाला काय माहितीये आणि कोणाला नाही, आणि शेवटी मला तिथे काय झालं. ११८ शब्दांची पानं नाही झाली, ४० झाली. पण ती माझी आहेत.

कवितेच्या शब्दांचं वेगळंच. तिथे मला शाळेतलं मराठी व्याकरण कामाला आलं. चिरंजीवांचा अलंकारांचा धडा घेत होते तेव्हा लक्षात आलं की उपमेय आणि उपमान हे जे आपण सातवी-आठवीत घोकतो, त्यासाठी इंग्लिशमध्ये टेनर आणि व्हेइकल हे शब्द आय. ए. रिचर्ड्सने १९३६ मध्ये आणले. आपल्याकडे ते कधीपासून आहेत! आणि उत्प्रेक्षेला, ते जणू आणि गमे आणि वाटे असतं ना, तिला इंग्लिशमध्ये नेमका एक शब्द मला अजून मिळालेला नाही.

मेटॉनिमी, म्हणजे एका गोष्टीचं नाव घेऊन तिच्याशी जोडलेली दुसरीच गोष्ट सांगणं, ती तर मी वर्षभर पाठ करून विसरत होते. मग लक्षणा वाचली. शब्दाच्या तीन शक्ती, अभिधा, लक्षणा, व्यंजना, आणि लक्षणेचं संस्कृतमधलं ठरलेलं उदाहरण आहे "गंगायां घोषः", गंगेवर गवळ्यांची वस्ती. गंगेवर म्हणजे पाण्यावर वस्ती कशी असेल, तर काठावर. आणि मी बसल्या जागी हसले आनंदाने, कारण आम्ही नाशिककर काय म्हणतो, "गंगेवर बुधवारचा बाजार आहे, भाजी घेऊन येते." बाजार काय पाण्यावर भरतो का! आणि त्यातही गोदावरीला गंगा म्हणतोय ते वेगळंच. पावसाळ्यात सगळं नाशिक विचारतं, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं, आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं म्हटलं की पुराचं मोजमाप झालं, आकडा लागतच नाही कुणाला. अशी बोली रोजच्या तोंडात असताना मी मेटॉनिमीला घाबरत होते.

सगळ्यात जास्त छळलं ते मीटरने, म्हणजे इंग्लिश वृत्ताने. आयॅम्बिक पेंटॅमीटर, पाच वेळा हलकं-जड. पण हलकं-जड कसं ओळखायचं? आपल्या कानाला इंग्लिशचा आघात ऐकूच येत नाही, आपण प्रत्येक अक्षर सारखंच वजन देऊन बोलतो. इथे मला कपालेश्वराने सोडवलं असं म्हणायला हरकत नाही. सोमवारी देवळात शिवतांडव चालू होतं, जटाटवीगलज्जलप्रवाहपावितस्थले, आणि माझी बोटं आपोआप मांडीवर चालायला लागली, लगा लगा लगा लगा. घरी येऊन लघु-गुरू मांडले, सोळा अक्षरं, एक लघु एक गुरू, एकही चूक नाही, पंचचामर वृत्त. आयॅम्ब म्हणजे हेच, लगा! आणि ग्रीकमध्ये तर आयॅम्ब हा आपल्यासारखाच ऱ्हस्व-दीर्घाचा होता, आघाताचा नंतर इंग्लिशने केला. मग हॅम्लेटची ती ओळ घेतली, टू बी ऑर नॉट टू बी, दॅट इज द क्वेश्चन, आणि लगाच्या चालीवर मोठ्याने म्हणत गेले. पाच लगा झाले आणि शेवटी एक "चन" उरलं. अकरावं अक्षर. ते लोंबकळतं तिथे, ओळ मिटत नाही, आणि तो माणूसही तेव्हा कुठे ठरवू शकतोय. हे पुस्तकात नंतर सापडलं, आधी कानाला सापडलं याचा मला फार अभिमान आहे.

एक लक्षात ठेवायला हवं की आपलं वृत्त वेळेवर चालतं, मात्रांवर, आणि इंग्लिशचं जोरावर. त्यामुळे लगा ही फक्त शिडी, वर गेल्यावर सोडून द्यायची. नाहीतर "दॅट इज" मध्ये बरेच नट जोर "दॅट"वर देतात ते चुकीचं वाटायला लागतं, आणि ते चुकीचं नाही.

कॅथार्सिस मी शेवटी ठेवलं. अ‍ॅरिस्टॉटलने ट्रॅजेडीच्या व्याख्येत हा शब्द एकदाच वापरलाय, करुणा आणि भीती यांच्याद्वारे त्या भावनांचं कॅथार्सिस, आणि पुढे समजावून सांगितलंच नाही. मराठीत विरेचन म्हणतात, आणि विरेचन म्हणजे आयुर्वेदातलं, पंचकर्मातलं. ग्रीक शब्दालाही तो वैद्यकीय वास आहेच, १८५७ मध्ये याकोब बर्नेस नावाच्या जर्मन विद्वानाने तोच अर्थ जोरात मांडला. दुसरे लोक म्हणतात बाहेर टाकणं नाही, शुद्ध करणं. आपल्याकडे भरतमुनींच्या रसात तर टाकायचं काही नसतंच, शोक हा स्थायीभाव, त्याचा करुण रस होतो, आणि तो आपण चाखतो. मला दोन्ही एकदम खरं वाटतं. त्या दिवशी रामकुंडावर कावळा शेवटी शिवला, कुणीतरी "मुलीचं लग्न आम्ही बघू" असं म्हणाल्यावर, आणि मामी जी रडली ती दहा दिवसांत पहिल्यांदा रडली. नंतर तिने चहा मागितला. ते नाटक नव्हतं, मला माहितीये, त्यामुळे पेपरात ते लिहिलं नाही. पण कॅथार्सिसच्या पानावर, नाटकातल्या वाक्याच्या जागी, माझ्याकडे अजून तेवढंच आहे.

दुसऱ्यांदा पेपर दिला. हॅमार्शियावर टीप आली होती. ईडिपस आधी लिहिला, मग दशरथ सात-आठ ओळीत, सरांनी सांगितलं तसं जपून. ६१ पडले.

घरी सांगितलं तेव्हा मामी पण आलेली होती. तिला सगळी गोष्ट सांगितली, तिच्याच वाक्याने मार्क मिळाले म्हटलं, तर ती त्याकडे लक्षच देईना, तिने विचारलं की डोळे फोडून घेतल्यावर त्या राजाचं पुढे काय झालं, कोण होतं त्याच्याबरोबर. सोफोक्लीसने अगदी म्हातारपणी तेच नाटक लिहिलंय, आंधळा ईडिपस मुलीचा हात धरून कोलोनसला पोचतो ते. ते मी अजून वाचलेलं नव्हतं. आता सावानामधून आणलंय, रोज रात्री थोडं वाचते आणि रविवारी मामीला मराठीत सांगते, आतापर्यंत दोन रविवार झाले.